नूडलचं सोवळं

दातारकाकांच्या हातांना कायम लिंबाचा वास यायचा. सिंगापूरमधल्या वुडलँड्सच्या आमच्या ब्लॉकची लिफ्ट उघडली आणि तो वास आला की माझी बायको म्हणायची, "काका आत्ताच गेले वाटतं." पासष्टी ओलांडलेले, काटकुळे, ताठ, शर्ट पँटमध्ये नीट खोचलेले दातारकाका दिवसातून कितीतरी वेळा हातांवर लिंबाच्या फोडी चोळत असत. त्याचं कारण कळलं की नवा माणूस नकळत मागे सरकायचा. ज्यांनी जन्मात अंड्याला बोट लावलं नव्हतं, ज्यांच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूण बंद, ते दातारकाका रोज सकाळी कच्चं मांस कापत बसायचे. आणि तेसुद्धा एका फेरेटसाठी.

फेरेट म्हणजे दिसायला आपल्या मुंगसासारखा, अंगाने लांबुळका, स्वभावाने चोरटा. मोजे, किल्ल्या, चमचे, जे सापडेल ते सोफ्याखाली नेऊन ठेवणारा. काकांच्या मुलाने हा हौसेने आणला आणि त्याच्या लांबीवरून नाव ठेवलं नूडल. पुढे मुलाला युरोपात नोकरी लागली. "घर लागलं की नेतो," म्हणून तो गेला. घर लागलं, बायको मिळाली, नूडल इथेच राहिला. आईवडिलांकडे ठेवलेल्या वस्तूंचं असंच होतं. पण सुधाकाकूंना त्याचं वाईट वाटलं नाही. मुलगा गेल्यावर रिकाम्या झालेल्या घरात हा प्राणी त्यांच्या साडीच्या ओच्यात झोपायचा आणि काकू त्याला "नूडूबाळ" म्हणायच्या.

काकांना मी आधीपासून ओळखत होतो ते ऑफिसमुळे. चांगी बिझनेस पार्कमध्ये ते एका बँकेच्या ऑडिट विभागात होते, मी शेजारच्या इमारतीत. वुडलँड्सहून तिथपर्यंत एमआरटीचा, म्हणजे इथल्या मेट्रोचा, प्रवास लांबलचक, त्यामुळे माणूस पुरता कळतो. काकांचा आवडता प्रश्न एकच, "पुरावा काय?" मी म्हणालो, आज पाऊस येणार, तर पुरावा काय. मी म्हणालो, माझा मॅनेजर गाढव आहे, तर पुरावा काय. त्यावर मी पुरावे द्यायला लागलो की ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "हं. प्रथमदर्शनी तथ्य दिसतं." निवृत्त झाल्यावर त्यांच्या ऑडिटच्या तावडीत कोण सापडणार, याची मला काळजी होती. सापडला नूडल.

झालं असं. काकांच्या घरी सत्यनारायण होता. आम्ही दोघं गेलो होतो. प्रसादाचा शिरा झाला, केळं घातलेला, तुपाने ओथंबलेला. आम्हाला द्रोण द्यायच्या आधी काकूंनी एक घास बोटावर घेतला आणि नूडलपुढे धरला. "घरातला आहे तो. त्याला प्रसाद नको का?" नूडलने मिटक्या मारत खाल्ला, अजून मागितला, काकूंनी अजून दिला. आम्ही सगळे कौतुकाने बघत होतो. तासाभराने तोच नूडल खोलीच्या मधोमध उभा राहून भिंतीकडे एकटक बघायला लागला. तोंडातून लाळ गळायला लागली, मागचे पाय लुळे पडले आणि काकूंच्या मांडीवर त्याला झटके आले.

काका त्याला टॉवेलात गुंडाळून टॅक्सीने दवाखान्यात घेऊन गेले. निदान झालं ते असं, की नूडलच्या स्वादुपिंडात गाठ होती आणि ती गरज नसताना इन्सुलिन सोडत होती. गोड पोटात गेलं की रक्तातली साखर वाढून मग धाडकन कोसळायची. नूडलचं वय शस्त्रक्रियेचं राहिलं नव्हतं. रोजचं औषध, थोडं थोडं आणि वारंवार खाणं, गोड आणि धान्य पूर्ण बंद, एवढाच इलाज होता. गाठ शिऱ्याने झाली नव्हती. पण काकूंनी ऐकलं ते इतकंच, की आपल्या हातचं गोड खाऊन बाळ कोसळलं. त्या दिवसापासून त्यांनी नूडलला स्वतःच्या हाताने घास भरवणं सोडलं. मांडीवर घ्यायच्या, पण भरवायच्या नाहीत. दवाखान्यात चला म्हटलं तर बाहेरच्या बाकावर बसून राहायच्या, आत पाऊल टाकायच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी काका मला ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत भेटले. "प्रशांतराव," ते म्हणाले, "हा प्राणी आज ना उद्या जाणारच. पण हिच्या शिऱ्याने गेला, असं हिच्या मनात राहता कामा नये. ते मी होऊ देणार नाही." एवढं बोलून ते लिफ्टकडे गेले. काकांनी मनातलं असं उघड बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. तयार खाण्याच्या दाण्यांतही पीठ असतं, हे त्यांना खटकलं. फेरेटचं खरं खाणं कच्चं मांस, हाडांसकट, हे त्यांनी शोधून काढलं आणि डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन उभे राहिले. डॉक्टरीणबाई तरुण, चिनी, केस आखूड, बोलणं धडाधड आणि इथल्या रीतीने वाक्याच्या शेवटी 'लाह'. त्या कच्च्या मांसाच्या विरोधात होत्या. "अंकल, व्हेरी रिस्की, लाह! औषधाने त्याची ताकद कमी झाली आहे. कच्च्या मांसात जंतू असतात. घरात आंटीला पण होईल." काकांनी विचारलं, मग सुरक्षित म्हणजे नेमकं काय करायचं? बाईंनी सांगितलं. मांसाची जागा वेगळी, भांडी वेगळी, सुरी वेगळी, कापताना दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही, झाल्यावर सगळं घासून-पुसून वाळवायचं, आणि स्वतःही स्वच्छ व्हायचं. काका घरी येऊन मला म्हणाले, "अहो, हे तर आमच्या आईचं सोवळं!"

आणि खरंच त्यांनी आईचं सोवळं उलटं करून मांडलं. स्वयंपाकघरामागे आमच्या फ्लॅटना छोटं यार्ड असतं, कपडे वाळवायचं. तिथे त्यांनी वेगळा छोटा फ्रिज, वेगळा पाट, सुरी, कात्री, वेगळा मिक्सर असा संसार थाटला. कद म्हणून एक जुना निळा रेनकोट. मांसाची एकही वस्तू यार्डाचा उंबरठा ओलांडणार नाही आणि स्वयंपाकघरातला चमचासुद्धा तिकडे जाणार नाही. काम झालं की उकळतं पाणी, मग ऊन, मग आंघोळ, मग लिंबू. "प्रेम करावं," ते म्हणायचे, "पण हात धुऊन." डॉक्टरीणबाईंनी यार्डाचे फोटो पाहिले आणि त्यांचा विरोध मावळला. "अंकल, माझ्या क्लिनिकपेक्षा क्लीन, लाह," असं त्या म्हणाल्याचं काका पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होते.

या सोवळ्यावरून माझी आणि त्यांची एकदा जुंपली. शनिवारी सकाळी त्यांचं एक पार्सल आमच्याकडे आलं होतं, ते द्यायला मी गेलो. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं तर समोरून काका ओरडले, "थांबा! शिवू नका मला!"

मी नागपूरचा, बौद्ध घरातला. हे शब्द आमच्याकडे कुणी चेष्टेतही उच्चारत नाही. माझ्या आजोबांनी ते गावच्या विहिरीवर ऐकले होते, आणि म्हणून ते गाव सोडून शहरात आले होते. आणि मी इतक्या लांब सिंगापूरला येऊन, सकाळी सकाळी, एका दातारांच्या तोंडून तेच ऐकावं! माझं डोकं सणकलं. पार्सल तिथेच आपटून मी म्हणालो, "काका, हे शब्द मला पुन्हा ऐकवायचे नाहीत." काका यार्डाच्या दारात उभे होते, रेनकोट घातलेले, रक्ताळलेले दोन्ही हात पुढे धरून. "अहो, ओवळा मी आहे, तुम्ही नाही..." ते गडबडून म्हणाले, आणि मग आपण कुणाला काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा पार उतरला. मी परत फिरलो.

संध्याकाळी ते आमच्या दारात आले. बसले, पाणी प्यायले. मग म्हणाले, "आईच्या सोवळ्यात हात धुणं होतं, ते चांगलं होतं. आणि माणसं लांब ठेवणं होतं, ते वाईट होतं. दोन्ही मी एकाच गाठोड्यात बांधून आयुष्यभर सांभाळलं. कधी सोडून बघितलं नाही."

"मग आता सोडा," मी म्हणालो. माझा राग अजून गेला नव्हता.

"सोडतो. शब्दासकट."

त्यानंतर कुणी यार्डापाशी गेलं की काका ओरडायचे, "थांबा, जंतू आहेत!" एका संध्याकाळी सगळं धुऊन निघतं असं म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण त्या वयात स्वतः उठून दुसऱ्याच्या दारी येणारी, आणि "पण" न लावता चूक कबूल करणारी माणसं मी फारशी पाहिलेली नाहीत. त्यांच्या त्या सगळ्या व्यापाला "नूडलचं सोवळं" मात्र मी मुद्दाम म्हणत राहिलो. तो हक्क माझा होता, आणि त्यांनीही तो मान्य केला.

त्या भांडणातून आमची मैत्री घट्ट झाली आणि वेट मार्केटचं, म्हणजे ताज्या मांस-मासळीच्या बाजाराचं, काम माझ्या गळ्यात पडलं. तोवर काका सुपरमार्केटातलं पाकीटबंद मांस आणायचे, त्यांना काळीज कुठलं आणि जठर कुठलं हे कळायचं नाही. त्यांनी कोंबडी फक्त बालभारतीच्या चित्रात पाहिलेली. पहिल्या दिवशी दुकानदाराचा सुरा खाली आला तसे ते पाठ करून उभे राहिले. दुकानदार हसला आणि म्हणाला, "अंकल, यू लुक व्हेजिटेबल साइड फर्स्ट, लाह." पुढे बरेच दिवस काका भाजीकडे तोंड करूनच कोंबडीची ऑर्डर देत असत. हळूहळू सरावले. मग त्यांच्यातला ऑडिटर जागा झाला. लावा पक्षी आजचा की कालचा, यकृताचा रंग असा का, हे वास घेऊन, वाकून, चष्मा वर करून तपासायला लागले. "फ्रेश," दुकानदार म्हणायचा. "पुरावा काय?" काका मराठीतच विचारायचे. त्याला शब्द कळत नसत, पण तो बिचारा आतून दुसरा माल काढून द्यायचा.

एवढं करून आणलेलं ते सगळं नूडल हुंगायचा आणि निघून जायचा. फेरेट लहानपणी जे खातात त्यालाच जन्मभर अन्न समजतात, असं कळलं. "म्हणजे आपल्यासारखेच," काका म्हणाले. मग मांस वाटून त्याचं चाटण करायचं, बोटाने त्याच्या हिरडीला लावायचं, त्याने थुंकायचं, पुन्हा लावायचं, असा उद्योग सुरू झाला. नूडल त्यांना चावला, त्याने ओरबाडलं, एकदा ते चाटण त्यांच्या चष्म्यावर शिंकरलं. काका हलले नाहीत. प्रत्येक वेळी वाटी पुढे ठेवण्याआधी ते जेवणापूर्वीचा श्लोक पुटपुटायचे. मी विचारलं, "काका, कोंबडीच्या काळजावर श्लोक चालतो का?" ते म्हणाले, "श्लोकात मेनू दिलेला नाही."

आणि एके सकाळी नूडलने आपण होऊन वाटीत तोंड घातलं. काकांनी मला फोन करून बोलावलं आणि आम्ही दोघं मोठी माणसं एका फेरेटला जेवताना बघत उभे राहिलो. काकू स्वयंपाकघराच्या दारात होत्या, हात पदरात गुंडाळलेले.

इकडे आमच्या मराठी मंडळींत बातमी पसरायला वेळ लागला नाही. मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात पुण्याच्या एका गृहस्थांनी चारचौघांत काकांना धरलं. "काय दातार, मटणाच्या दुकानात दिसता म्हणे हल्ली. खायला लागलात?"

"मी खात नाही हो, वाढतो," काका म्हणाले.

सगळे हसले. मग कुणीतरी विचारलं की नूडलला एवढं झालं तरी कसं. काकू पलीकडेच बायकांत बसल्या होत्या. काका खणखणीत आवाजात म्हणाले, "माझ्याच हातून झालं. प्रसादाचा शिरा मीच भरवला त्याला." सत्यनारायणाच्या दिवशी मी तिथे होतो, शिरा कुणी भरवला ते मला माहीत होतं. काकूंनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. पावसाच्या अंदाजालासुद्धा पुरावा मागणारा माणूस भर सभेत बिनदिक्कत खोटं बोलला होता. मला त्यांचा तेव्हा फार अभिमान वाटला. त्या खोट्याची किंमत पुढे कळली.

एका सकाळी मी घरूनच काम करत होतो. बेल वाजली. दारात काकू, कडेवर टॉवेलात गुंडाळलेला नूडल, डोळे अर्धवट उघडे, तोंडाला लाळ. दुसऱ्या हातात मधाची बाटली. असं झालं की आधी हिरड्यांना किंचित मध लावायचा आणि शुद्धीवर आला की लगेच मांस द्यायचं, हे डॉक्टरीणबाईंनी शिकवून ठेवलं होतं. काका मार्केटला गेले होते.

"तू लाव," काकू म्हणाल्या.

"काकू, तुम्हीच लावा ना, वेळ जातोय."

"नको रे. माझ्या हातचं गोड नको त्याला." आणि बाटली त्यांनी माझ्याच हातात कोंबली.

मी मध लावला. आम्ही त्याला काकांच्या घरी नेलं आणि वाट बघत बसलो. थोड्या वेळाने नूडलची जीभ हलली, मग त्याने डोकं उचललं. मी धावत जाऊन यार्डातून चाटण आणलं आणि त्याला भरवलं. तेवढ्यात काका पिशवी घेऊन आले. सगळा प्रकार ऐकला आणि काकूंशेजारी जमिनीवरच बसले. "अगं, कितीदा सांगू," ते म्हणाले, "डॉक्टर म्हणाल्या ना, गाठ आधीपासूनच होती. तुझ्या शिऱ्याने ती कळली, झाली नाही."

"तुम्ही म्हणता," काकू म्हणाल्या. "मंडळात काय, शिरा तुम्ही भरवलात असंही म्हणालात. माझ्यासाठी तुम्ही काहीही सांगाल."

दवाखान्यातलं प्रत्येक वाक्य त्यांच्याच तोंडून घरी येत होतं, आणि बायकोला वाचवण्यासाठी दिलेल्या एका खोट्या कबुलीने त्यांची साक्षच बाद करून टाकली होती. त्या दिवशी मला त्यांची फार दया आली. ते मात्र उठले, रेनकोट चढवला आणि यार्डात गेले.

नूडल जगला. डॉक्टरीणबाईंच्या अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त जगला. केस दाट झाले, मोज्यांची चोरी पुन्हा सुरू झाली. रविवारी काका-काकू त्याला पट्टा बांधून ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनारी घेऊन जायचे, तेव्हा सायकलवाली मुलं थांबून बघायची. काकांनी या काळात मुलाकडे जाण्याची तिकिटं पुढे ढकलली, कुठलंही लग्न गाठलं नाही, ताप असताना मास्क लावून मांस कापलं. कुणी "एका जनावरापायी एवढं?" असं म्हटलं तर चिडायचे नाहीत. ते कुणापायी चाललं आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता ते दोघं मुलाकडे असतात. मधूनमधून फोन येतो, तिकडच्या थंडीबद्दल काका पुराव्यानिशी तक्रार करतात. पण माझ्या डोळ्यांपुढे काका येतात ते दवाखान्यातल्या त्या सकाळचे.

नूडलने खाणं सोडलं होतं. म्हातारा झाला होता, हृदय थकलं होतं. काकांनी मला सोबत बोलावलं. या वेळी काकू बाहेरच्या बाकावर थांबल्या नाहीत. तो त्यांच्या मांडीवर होता आणि त्याला उचलून दुसऱ्याच्या हाती द्यायला त्या तयार नव्हत्या, म्हणून आत आल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि हळूच सांगितलं की आता त्याला जाऊ द्यावं. काकूंनी मान डोलावली. त्यांच्याच मांडीवर तो शांतपणे गेला. काका भिंतीला टेकून उभे होते, हाताची घडी घालून.

मग काकूंनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "डॉक्टर... दॅट डे... माय स्वीट. बिकॉज ऑफ मी?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या भडाभडा बोलायला लागल्या. काकूंना त्यातलं निम्मं कळलं नसावं. काका सवयीने पुढे झाले आणि सांगायला तोंड उघडलं, तर काकूंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"तू सांग रे, प्रशांत. ह्यांचं नको."

मी सांगितलं, जसंच्या तसं. "काकू, त्या म्हणतात, गाठ त्या दिवसाच्या खूप आधीपासून होती. शिऱ्याने झाली नाही. उलट त्या दिवशी तो कोसळला म्हणून ती वेळेवर सापडली, नाहीतर एक दिवस झोपेतच गेला असता. आणि आज गेला तो वयाने गेला. त्या म्हणतात, हे मी अंकलना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, नंतरही कितीदा सांगितलं."

काकू नवऱ्याकडे वळल्या.

"म्हणजे तुम्ही खरंच सांगत होतात," त्या म्हणाल्या.

काका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, चष्मा काढला आणि हमसून हमसून रडायला लागले. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं. काकूंनी नूडलला टेबलावर अलगद ठेवलं, त्याच्यावर टॉवेल पांघरला आणि नवऱ्याजवळ जाऊन पदराने त्यांचं तोंड पुसलं. डॉक्टरीणबाई आणि मी बाहेर आलो आणि मी दार लोटून घेतलं. दाराच्या काचेतून दोघं दिसत होते. काका रडत रडतच काहीतरी सांगत होते, काकू त्यांचा हात धरून ऐकत होत्या आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होत्या.